जागतिक सिनेमा, शेवट वगळून

आमच्या हैदराबादेतल्या एका मराठी मंडळाने गेल्या वर्षी ‘नवशिक्यांसाठी जागतिक सिनेमा’ असा वर्ग काढला. दर रविवारी दुपारी, विद्यानगरातल्या एका हॉलमध्ये. नवशिके म्हणजे आम्ही. जाणकार म्हणजे संयोजक: निवृत्त प्राध्यापक, खांद्याला झोळी, बोलताना डोळे मिटलेले. डोळे मिटून सिनेमा शिकवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

अंबरपेठहून मी आईला आणि माझ्या मुलीला घेऊन जायचे. मुलीला मराठी धड वाचता येत नाही आणि आईला इंग्रजी येत नाही. म्हणून पडद्याखालची इंग्रजी वाक्यं मुलगी वाचायची आणि आमच्या घरच्या खिचडी भाषेत आजीच्या कानात सांगायची. संयोजकांना ते खपत नसे. “जागतिक सिनेमा मौनात अनुभवायचा असतो,” असं ते दरडावायचे, आणि स्वतः मात्र मनाला येईल तेव्हा सिनेमा थांबवून बोलत सुटायचे.

मंडळात कार्यक्रम कुठलाही असो, विधी चुकत नाहीत. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे ‘दोन शब्द’. त्यानंतर चहा, उस्मानिया बिस्किटं, आणि मग कुठे सिनेमा. नाकापेक्षा मोती जड! संध्याकाळी हॉल नाचाच्या क्लासला द्यायचा असे, त्यामुळे वर्गात एकाही सिनेमाचा शेवट आम्ही पाहिला नाही. शेवट संयोजक तोंडी सांगायचे, तोवर लोक खुर्च्या सरकवत असायचे. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. “काय फोटोग्राफी होती!” म्हणत मंडळी बाहेर पडत, जणू नामपल्ली स्टेशनावर गाडीत बसून परदेश फिरून आलीत.

मला या लोकांचा मनापासून तिटकारा आला होता. तरी जात राहिले, कारण आईला सिनेमा आवडायला लागला होता.

त्या रविवारचा सिनेमा एका बर्फाळ देशातला होता. लोकांचे कपडे धुणारी एक बाई. गिरणीमालकाच्या माणसांनी एका मजुराला मारलेलं ती बघते. ती साक्ष देणार म्हटल्यावर गाव तिच्याशी बोलणं टाकतं, दुकानदार तिला पाव देत नाही. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. हातातला चहा निवून गेला. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मराठवाड्यातल्या आमच्या गावात बौद्धवाड्यातल्या एका पोराला चौकात मारलं, ते तिच्या वडिलांनी पाहिलं होतं. दुकान, पिठाची गिरणी, पाणी, सगळं बंद झालं तरी ते साक्षीला निघाले, आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरून परत फिरले. पुढे ते घरातही फारसे बोलले नाहीत. नंतर सगळं घर हैदराबादला आलं. आईने हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं आहे.

पडद्यावरची बाई कोर्टाच्या पायऱ्या चढली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. आणि संयोजकांनी दिवे लावले. दाराबाहेर नाचाच्या क्लासच्या मुली घुंगरू बांधत होत्या.

“पुढे काय होतं ते गौण आहे,” ते डोळे मिटून म्हणाले. “ही बाई म्हणजे मानवी एकाकीपणाचं प्रतीक.”

आई उभी राहिली. मंडळात ती तोवर कधीच बोललेली नव्हती.

“सर, ती बोलली का न्हाई, येवढंच सांगा.”

“आजी, जागतिक सिनेमाला असे प्रश्न विचारायचे नसतात.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आई बसली नाही.

“म्हंजी तुमी बी बघितला न्हाई का?”

संयोजकांनी डोळे उघडले. झोळीत चष्मा शोधायचं निमित्त केलं आणि मग पुटपुटले, की हा सिनेमा मंडळात मागेही लावला होता, पण तेव्हाही वेळेअभावी... वेळेअभावी! उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण इथे तर पाण्याचाच पत्ता नव्हता. मी आईचा हात धरून बाहेर पडले. पायातल्या चपला त्यांच्या त्या समईवर भिरकावाव्यात असं वाटत होतं.

बसस्टॉपवर मुलीने मोबाईलवर तो सिनेमा शोधून काढला आणि शेवटाकडे सरकवला.

“आज्जी, नीचे कुछ लिखकोच नहीं आरा,” ती वैतागून म्हणाली. “काय बोलरी, समजंना.”

आईने मोबाईल तिच्या हातातून घेतला. पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून ती बाई बोलत होती, न थांबता. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“राहू दे, माय,” ती नातीला म्हणाली. “बोलायली ना ती.”

मग तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने तो सिनेमा संपेपर्यंत बघितला.