दादाला बसवलं का?

दादाला पुरताना बसवलं होतं का? वहिनीला विचारलं, आप्पांना विचारलं. वहिनीनं फोन ठेवला, आप्पा उठून बाहेर गेले. आम्हा लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून. दादाला तिकडंच परदेशात पुरलं. माझा पासपोर्टच नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण मात्र दादाचा एक किस्सा ठेवून जातो. घर भरलंय नुसतं.

वहिनी नर्स. तिला हॅम्बर्गला नोकरी लागली म्हणून दादा आणि छोटी गौरी सोबत गेले. पहिल्याच रविवारी दादा खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायला बसला. खालची म्हातारी वर आली, रविवारी आवाज चालत नाही म्हणाली. दादानं तिला कडक भाकरीवर चटणी दिली. तिनं सगळी खाल्ली, डोळे पुसले आणि खाली जाऊन तक्रार केली! दादा फोनवर म्हणाला, "मल्या, लई शिस्तीची बाई हाय बे."

तिथं तो सायकलनं कामाला जायचा. पहाटे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, तरी लाल सिग्नलला थांबायचा. "सोलापुरात असं उभारलो तर लोक इचारतील, पेट्रोल संपलं का?"

त्या दिवशी सिग्नल हिरवा होता. वळणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसला नाही. चूक दादाची नव्हती, असं पोलिसांनी लिहून दिलंय.

मामा भेटायला आले. म्हणाले, "तिकडचे रस्ते तर लई भारी असतात म्हणं की." मी त्यांच्या हातातला चहा काढून घेतला. आई ओरडली. मामा तसेच उठून गेले.

विमानतळावरचा किस्सा कुणालाच माहीत नाही. वहिनी गौरीला घेऊन पुढं गेल्यावर गेटवर दादानं चांदीच्या डबीसकट गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात दिलं. "मशीन वाजलं की हे काढून घेत्याल. ठेव तुझ्याकडं, पुढच्या खेपेला घालतो." जिवंतपणी ते अंगावरून उतरवत नाहीत. मी म्हणालो, "दे की."

तेव्हापासून ते माझ्या खिशात होतं.

काल मंद्रूपच्या शेतात गेलो. आजोबांच्या समाधीशेजारी खड्डा खणला, एक माणूस मांडी घालून बसेल एवढा. आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. मग जाऊन मठातल्या स्वामींना घेऊन आले.

आत लिंग ठेवलं. विभूती, बेल टाकला. माती मीच लोटली.

तशाच मातीच्या हातांनी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाला बसवलं."