बागेतली हराळी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते एवढंच, की नगरपालिकेच्या बागेत एका बाकावर बसलो. ती या टोकाले, मी त्या टोकाले, मधात माझा रुमाल. चारचौघात बायकोले खेटून बसायची आमच्यात रीत नाही.

बाग डॉक्टरनं सांगितली होती. तिचं काळीज कमजोर झालं होतं, चाललं की धाप लागे. बुलढाण्याच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या अन् म्हणाले, "रोज सकाळी बागेत जाऊन निवांत बसायचं. तेही औषधच आहे."

ती हसली. "जन्म मळ्यात गेला साहेब, मले बाग कायले?"

"मळ्यात तुम्ही राबता. बागेत नुसतं बसायचं, कामाला हात लावायचा नाही."

ती कसली ऐकते! पहिल्याच दिवशी खुरपं घेऊन गुलाबाच्या वाफ्यात निंदायले बसली. माळी ओरडला, "ओ आजी, पालिकेनं तुले कामाले ठेवलं काय?"

"तुले ठेवलं नं? मंग एवढी हराळी काऊन वाढली बे?"

निंदलेलं गवत आमच्याकडं कोणी फेकत नाही. पदरात बांधून तिनं गायीले आणलं. घरी पोचली तर ओठ निळे. त्याच दिवशी मी खुरपं कणगीमागं लपवलं.

त्या शेवटच्या सकाळी ती सारखी वाफ्याकडं पाहे.

"अवो, खुरपं कुठं ठेवलं?"

"मले काय माहीत!"

"लबाड. बरं, तुम्ही उपटसान तर मुळासकट उपटा. वरून तोडली तर दुप्पट येते."

"मी काऊन उपटू?"

"मंग कोण, तो माळी?" हसता हसता तिले धाप लागली.

दुपारी जरा पडते म्हणाली, ते उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत नेलं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, अन् मले एकाशीही बोलायचं नव्हतं. कणगीमागून खुरपं काढलं. दारात पोरगा आडवा आला. "बाबा, सुतकात कुठं चालले?"

"बागेत. डॉक्टरनं सांगितलं हाये."

"ते मायले सांगितलं होतं."

मी चालू लागलो.

माळी पाणी देत होता. "आजी नाही आल्या?"

"नाही."

वाफ्यात बसलो, मुळासकट उपटत गेलो. मग रुमाल पसरला. तिच्या पदरात सारं मावे, रुमालात मावलं नाही. उरलेलं गवत हातात धरून घरी आलो अन् गायीपुढं टाकलं.