हातातला वॉलआय आणि तोंडातलं ‘नको’

मंडळी, जेवून थेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आलोय आणि कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर तुम्हा सगळ्यांना हे लिहितोय. माझं डोकं चालेनासं झालंय.

शेजारच्या हॅरल्डकाकांनी आज मला तळ्यावर ट्रोलिंग शिकवलं. म्हणजे बोट अगदी हळू चालवायची आणि गळ मागून ओढत न्यायचा. मी मालवणचा, मासेमारी बघतच वाढलेला, पण इथे परदेशात काही कळेना. गळाची काठी थरथरली की मासा लागला समजून मी ओढायचो. काका म्हणायचे, "अरे, गळ पाण्यात ओढला जातोय तोवर ती थरथरणारच! थांबली की बघ, शेवाळ अडकलं असेल."

शेवटी एक वॉलआय लागला, म्हणजे इथल्या तळ्यांतला चवदार मासा. चांगला हातभर! काकांनी विचारलं, "घरी नेणार?"

मी म्हटलं, "नको, नको."

पहिल्यांदाच हो कोण म्हणतं यार? घरी रूममेट सुहास वाटण करून वाट बघत होता. काका पुन्हा विचारतील, मग "बरं, एवढं म्हणताय तर..." म्हणायचं, हे माझं ठरलेलं होतं.

काकांनी मासा अलगद पाण्यात सोडला. वर माझी पाठ थोपटली, "फार दयाळू आहेस रे तू."

सुहासने त्या वाटणात बटाटे घातले. जेवताना माझ्या ताटात मुद्दाम दोन डाव जास्त वाढले.

काकांनी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय. आता मी दयाळू माणूस! मासा लागलाच, तर "हो, नेतो" म्हणायला तोंड कसं उघडायचं? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?