ताटाची डावी बाजू

डोक्याचं ऑपरेशन होऊन हे घरी आले आणि त्यांनी माझ्या हातची चटणी खायची सोडली.

पहिले दोन दिवस मी लक्ष दिलं नाही. दवाखान्यातलं मिळमिळीत खाऊन जिभेची सवय मोडली असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याची केली, मग जवसाची, मग लसूण जास्त घालून कारळ्याची. ताट उचलायला गेले की आमटीची वाटी रिकामी, आणि डावीकडे चटणी, कांदा, लिंबाची फोड वाढली तशीच. भाकरीचाही डावीकडचा तुकडा उरलेला असायचा, पण त्याचं मला काही वाटलं नाही. भूक कमी झाली असेल. चटणीचं मात्र लागलं. तीस वर्षांत ह्या माणसाने चटणी नसताना घास तोंडात घातला नव्हता.

मी बोलायला फटकळ. एक दिवस म्हटलंच, "खायाची नसंल तर तोंडानं सांगा. रोज कुटून हात दुखत्यात माझं."

"वाढलीसच कुठं चटणी?" ते म्हणाले.

ताटात एवढा गोळा, आणि हा माणूस म्हणतो वाढलीच नाही! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय," असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं आणि ताट उचलून नेलं. मोरीत भांडी आपटल्याचा आवाज मला अजून आठवतो. त्या वाक्याचा तर मला आजही धाक वाटतो.

आम्ही वडगावचे. पुढच्या खोलीत विजेचे दोन माग, मागे स्वयंपाकघर, मधल्या जागेत संसार. हे साड्या विणायचे, मी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. लेक निपाणीला दिलेली. वडिलांना बघायला म्हणून ती आठ दिवस राहायला आली. येताना घडीचं टेबल घेऊन आली, कारण यांना खाली बसून उठता येत नव्हतं. पहिल्या दिवशी टेबलाच्या पलीकडे उभी राहूनच तिने वाढलं. लक्ष सगळं बोलण्यात. ताट उलटं झालं, चटणी त्यांच्या उजव्या हाताला आली.

"अगं, रीत विसरलीस काय सासरी जाऊन?" मी ओरडणार तोवर यांनी चटणीत बोट घातलं. बघता बघता सगळी संपवली. "लई दिसांनी केलीस गं चटणी," मला म्हणाले. आणि आमटीची वाटी, जी रोज आधी संपायची, ती डावीकडे भरलेली तशीच राहिली. लेकीने माझ्याकडे बघितलं. मग तिने ताट फिरवलं.

"आमटी आत्ता आणलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना गाठला. तिथे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, कन्नड मिसळून मराठी बोलणारी. तिने समजावून सांगितलं. ऑपरेशन करून काढलेली गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला होती. आता डोळे चांगले असूनही त्यांचं लक्ष डावीकडे जात नाही. त्यांच्या लेखी ती बाजू नाहीच. मग मला एकेक आठवायला लागलं. एकाच गालाची केलेली दाढी. डावी बाही लोंबती ठेवून घातलेला सदरा. चौकटीला धडकून काळानिळा झालेला डावा खांदा. ह्या प्रत्येक गोष्टीसाठी मी त्यांना आळशी म्हटलं होतं, चार माणसांत म्हटलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी पदराने तोंड झाकलं.

"काकू, तुम्ही भरवू नका," ती मुलगी म्हणाली. "त्यांचं त्यांना हुडकू द्या." अंघोळीला आधी डावा हात धुवायचा. सदऱ्याची आधी डावी बाही घालायची. दाढी झाली की दोन्ही गाल चाचपायचे. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. "अण्णा, एडगडे नोड्री," ती म्हणायची, डावीकडे बघा. चालू मशीनजवळ मात्र अजिबात जायचं नाही, हेही तिने बजावलं.

पण विणकराला मागापासून किती दिवस लांब ठेवणार? लेक परत गेली आणि एका सकाळी मला पुढच्या खोलीतून मागाचा आवाज आला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. माग धडाधड चालला होता. डाव्या काठाचे धागे तुटून लोंबत होते, दीड हात कापड बिनकाठाचं विणून झालं होतं. आणि हे उजवीकडच्या लाल काठाकडे बघत समाधानाने उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी काही बोलले नाही. खटका ओढून माग थांबवला, त्यांचा उजवा हात धरला आणि कापडावरून डाव्या कडेपर्यंत नेला.

त्यांनी बोटं फिरवली. परत फिरवली.

"काठच न्हाय की गं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "असलं लुगडं कोण नेसंल?"

त्यानंतर ते मागाकडे गेले नाहीत.

त्या कापडाचा चांगला राहिलेला लाल काठ मी कापून घेतला. एक पट्टी टेबलाच्या डाव्या कडेला चिकटवली, एक चौकटीला ठोकली, एक आरशाच्या बाजूला. दुसऱ्या कुठल्या लाल चिंधीने भागलं असतं, पण हा काठ त्यांच्या हातचा होता. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "काठ गावला का?" मान हळूहळू वळायची, पोचायची. "गावला," म्हणायचे, आणि मग हात चटणीकडे जायचा. पंधरा दिवसांनी त्यांनी ताटातली सगळी चटणी संपवली आणि आणखी मागितली. मी वाढायच्या निमित्ताने आत गेले आणि खलबत्त्याजवळ बसून रडले. इतका आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र जमेना. लेकीचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघं शेजारी शेजारी जेवायला बसायचो. मी त्यांच्या डाव्या हाताला, कारण स्वयंपाकघर त्या बाजूला. आता मी कोपराला कोपर लावून बसलेली असायची आणि हे हाक मारायचे, "अगं, कुठं गेलीस?"

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," मी म्हणायची. दोघंही हसायचो. पुढे पुढे त्यांना हसू आलं तरी मला येईना. टेबलावरची पट्टी त्यांना सापडत होती, मी सापडत नव्हते. मी त्यांनीच विणलेली लाल काठाची साडी नेसून बसायला लागले. एक दिवस मान वळली, पदरावर थांबली. "काठ झ्याक हाय," म्हणाले. "कुणी इणलाय?"

"तुम्हीच की वो."

ते बघत राहिले, पण नजर पदरावरून वर माझ्या तोंडापर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची उजवीकडे नेली. त्यांना आवडलं असावं, हाका थांबल्या. मला मात्र त्या जागेवर जेवण गेलं नाही. माझं माणूस माझ्याच घरात मला हरवून बसलंय, असं वाटायचं.

दवाखान्यात डोक्याचा नवा फोटो काढला तेव्हा गाठ परत आलेली दिसली. आता पुन्हा ऑपरेशन नको, असं डॉक्टरांनी लेकीला आणि मला आत बोलावून सांगितलं. महिनाभरात मान वळायची बंद झाली. मी विचारायची, "काठ गावला का?" आणि ते समोर बघत राहायचे. चटणी मी उजवीकडे वाढायला लागले, मग वाढायचीच बंद केली. भरवू नका म्हणाली होती ती मुलगी. मी भरवायला लागले.

एका दुपारी ते खाटेवर पडले होते आणि मी त्यांच्या उजव्या अंगाला पेजेची वाटी घेऊन बसले होते. दोन घास घेतले आणि त्यांनी तोंड मिटलं.

"तू हिकडं का बसलीस?"

"हितनं दिसतंय तुम्हास्नी."

"तुझी जागा तिकडं हाय."

"तिकडं बसलं की तुम्ही मला हुडकत बसता."

"हुडकू दे की," ते म्हणाले.

मी वाटी ठेवली, खाटेला वळसा घालून डाव्या अंगाला जाऊन बसले. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. नाही वळली. मग उजवा हात छातीवरून सरकत इकडे आला, वाकळेवर चाचपडला, थांबला, परत चाचपडला. मी हात पुढे केला नाही. जीव तुटत होता, तरी केला नाही. शेवटी बोटांना माझा पदर लागला. त्यांनी पदराची कड चिमटीत धरली आणि चोळून बघितली, मागावरून उतरलेलं कापड बघायचे तशी.

"गावला," म्हणाले.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. मी त्याच बाजूला बसले.

अजूनही जेवताना टेबलाच्या त्याच कडेला बसते, लाल पट्टीजवळ. माझी नजर शाबूत आहे, त्यामुळे उजवीकडची त्यांची रिकामी खुर्ची मला सगळीच्या सगळी दिसते.