रेवाची पत्रिका आणि कमांडकाका

डॅलसजवळच्या आमच्या अख्ख्या अर्विंगमध्ये मराठी बोर्ड करून देणारा माझ्यासारखा दुसरा माणूस नव्हता. दुसरा कुणी नव्हताच, म्हणून तर आठवी नापास माणसाकडं लोक यायचे. मेहुण्याच्या बोर्डांच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर माऊस फिरवून गणपती, कलश, तोरणं काढायचो आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवून घ्यायचो. माझ्या फुग्यातली हवा काढली ती कमांडकाकांनी.

काका नागपूरचे, कंपनीत कॉम्प्युटरवालेच, आणि माऊसचे जन्माचे वैरी. घरातला माऊस त्यांनी टेबलामागं खिळ्याला शेपटीनं टांगला होता. मुलगी रेवा ओरडायची, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" काका थंड. काळी खिडकी उघडायची, एका ओळीची कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, म्हणून ते कमांडकाका. काकू म्हणायच्या, "मला चहा सांगताना पण तस्संच. एक ओळ, आणि मग माझ्याकडं बघत बसायचं."

माझी चित्रं असायची रेषांच्या फाइलीत. भिंतीएवढी मोठी करा, फाटायची नाहीत. पण इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटला किंवा ईमेलला ती चालायची नाहीत, त्यांची फोटोसारखी छोटी फाइल, जेपेग, लागायची. मी एकेक फाइल उघडून, माऊसनं टकटक करून, रविवार घालवायचो. काका एका ओळीत अख्खं फोल्डर काढून द्यायचे, चहा निवायच्या आत. वर ऐकवायचे, "अबे, काऊन टकटक करून राहिला सुतारपक्ष्यासारखा? काय पाहिजे ते त्याले लिहून सांग ना."

मग ती ओळ मला शिकवायला बसले. आधी कन्व्हर्ट, मग चित्र किती दाट हवं, मग मागं पांढरं भर, मग फाइलीचं नाव, मग किती दाबायचं तो आकडा, शेवटी नवं नाव. मी 'किती दाट' हे फाइलीच्या नावानंतर घातलं, गणपती धुक्यातून आल्यासारखा निघाला. काका म्हणाले, "पोहे फोडणीत टाकल्यावर भिजवते का बे कोणी?" तेवढं मात्र डोक्यात बसलं. मी विचारलं, "काका, हा कॉम्प्युटर काहीच बोलत नाही. झालं का नाही कळायचं कसं?" म्हणाले, "बोलला नाही म्हणजे झालं. तुझ्यासारखं नाही त्याचं."

पुढं रेवाचं लग्न ठरलं, मुलगा इथलाच, गोरा. काकांना लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण, आक्का, नागपूरला, आणि तिला ही बातमी दुसऱ्याच कुणाकडून कळली. ती बसली रुसून. व्हिसा होता, पण म्हणाली, "पहिली पत्रिका मला आली तर येईन, नाहीतर समजा मी नाही." आक्काशिवाय पोरीचं लग्न म्हणजे काकांना जेवण जाईना. पत्रिका मी काढली. पण तिकडं भाच्याकडं फोनच्या तारेवरचं हळू इंटरनेट, डायल-अप, जड मेल गेली की लाइन तुटायची. म्हणून फाइल बारकी करून पाठवायची.

त्या दिवशी काका ऑफिसात अडकले. फोनवर म्हणाले, "पाठवशील ना रे? ओळ येते ना?"

"झोपेतून उठवून विचारा, काका!"

त्यांच्या घरी बसून ओळ टाइप केली. 'मागं पांढरं भर' यापाशी थांबलो. म्हटलं, माझ्या स्क्रीनवर कागद पांढराच दिसतोय, पांढऱ्याला कशाला पांढरं? गाळलं. एंटर. तो काही बोलला नाही. फाइल इवलीशी झाली. मी खूश, उघडून कोण बघतंय? दिली पाठवून.

माझा तो कागद पांढरा नव्हताच, रिकामा होता. आणि जेपेगला रिकामं ठेवता येत नाही, ती काळं भरते.

सकाळी आक्काचा फोन. स्पीकरवर. काका तिचे अजून विनूच. मी नेमका काकांकडं शाबासकी घ्यायला गेलेलो. "विनू, पोरीच्या लग्नाची पत्रिका काळी? एवढा राग आहे माझा?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं. म्हणाले, "आक्का, माझ्याच हातून झालं. घाईत होतो. फोन ठेवू नको." ओळ टाइप केली, पांढऱ्यासकट, आणि पाठवली. घरची लाइन आक्कानं अडवलेली, म्हणून भाच्यानं शेजाऱ्याच्या लाइनवरून ती उघडली, वरून खाली, हळूहळू.

"मुकुट आला," आक्का म्हणाली. काका उभेच. "सोंड आली... पोट... उंदीर आला. रेवाचं नाव आलं. खाली हे नवऱ्यामुलाचं का? बाई, हे मला वाचता नाही येत." काका फोनवर वाकले. "येऊनच विचारते त्याला कसं म्हणायचं ते."

काका खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. मला रागावले नाहीत. आता ते इथून दूर, दुसऱ्या राज्यात अ‍ॅशबर्नला असतात, पण आजही दुकानातून फाइल पाठवायच्या आधी मी ती उघडून बघतो, आणि बघताना मान खाली जाते.

आक्काला आणायला डॅलसच्या एअरपोर्टवर मी पण गेलो. काका म्हणाले, "आक्का, पत्रिका यानं काढली." मी लगेच छाती पुढं काढून म्हटलं, "गणपती माझाच."

आक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गणपती छान आहे. आणि ती काळी पत्रिकापण तूच पाठवलीस. विनूला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. बोलू नको आता, बॅगा उचल."