तिच्या वहीतलं माझं अक्षर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला दोन क्रेडिटचा एक विषय होता, सर्वांगीण स्वास्थ्य. शरीर, मन, आहार, झोप, नातीगोती, सगळ्याची काळजी कशी घ्यायची ते शिकायचं. मॅडम मनापासून शिकवायच्या, पण ज्याची लेखी परीक्षा नाही त्याला आमच्याकडे कोण विचारतो? मार्क होते ते जर्नलला. रोजचं एक पान. किती तास झोपलात, काय खाल्लंत, मूड कसा होता, सोमवारी वजन. आणि सगळ्यात खाली प्रश्न, ‘आज कोणाशी मनातलं बोललात का?’

जर्नलं कशी पूर्ण होतात हे कल्याण-डोंबिवलीत शिकलेल्या कुणाला सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबलं जोडायची आणि एकाचं बघून दहा जणांनी उतरवायचं. माझं अक्षर सुंदर, म्हणून मला भलताच भाव होता. मीही तो खात होते.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आंबिवलीजवळच्या मोहने गावची. वडील नव्हते. आई पहाटे कामाला जायची आणि ही कॉलेज सुटलं की आंबिवलीला एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहायची. ती म्हणाली, “यार, माझंपण तूच लिही ना. मला टाइमच नाय भेटला.”

चार महिने मी एका दुपारी भरले. शाई वेगळी दिसावी म्हणून दोन पेनं घेतली होती. तिला रोज आठ तास झोपवलं, पोळी-भाजी, वरण-भात, काकडी, एखादं केळं खायला घातलं. वजन बावन्नपासून सुरू केलं आणि मॅडमना बरं वाटावं म्हणून चोपन्नवर नेलं. शेवटच्या प्रश्नाला प्रत्येक पानावर एकच उत्तर लिहिलं, ‘हो, मैत्रिणीशी.’ तेवढ्यावर डोकं कोण चालवणार!

ती समोरच टेबलावर डोकं टेकून खोकत होती. मी म्हटलं, “अगं, दाखव कुणाला तरी.” तर म्हणे, “सिरप घेतलंय, दुकानातलंच.” सलवारीच्या कमरेला तिने सेफ्टी पिन लावली होती. ती पिन मला दिसली होती. “डाएट करतेस काय गं?” मी विचारलं, आणि खरं सांगते, मला तिचा थोडा हेवा वाटला. ती हसली. मी पुढच्या सोमवारचं वजन लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिची वही वर्गात उंचावून दाखवली. “बघा, किती नियमित!” तिला पैकीच्या पैकी मिळाले, मला एक कमी. त्याचा मला दोन दिवस राग होता.

परीक्षेच्या तिसऱ्या पेपरला ती आली नाही. हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा तोंडाला ऑक्सिजन लावला होता. टीबी, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला. आईने घरातले सगळे कागद पिशवीत भरून आणलेले, त्यात ती वही. “डॉक्टर, हिने सगळं रोजच्या रोज लिवून ठेवलंय,” ती अभिमानाने म्हणाली. डॉक्टरांनी पानं उलटली, खाटेवरच्या मुलीकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. आजचं वजन अडतीस भरलं होतं.

आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी बोलले. “सर, ते मी लिहिलंय. सगळं खोटं आहे.”

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन उघडलं. “बरं. मग खरं काय? खोकला कधीपासून? ताप यायचा का? दुपारी काय जेवायची?”

दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं, एवढंच ते नंतर म्हणाले. अठराव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर मी मोहन्याला गेले. आईला खरं सांगून टाकायचं, हे रिक्षात पक्कं ठरवलं होतं. वही तिच्या फोटोपाशी होती. आईने ती उघडली आणि चौथीपर्यंतच्या शिक्षणावर, बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. “हे बघ, वरण-भात, काकडी. मी घरात नसायचे, पण माझी पोर पोटभर जेवायची. तेवढंच समाधान. आणि अक्षर बघ कसं, मोत्यासारखं.”

मग तिचं बोट पानाच्या तळाला आलं.

“इथं रोज लिवलंय, मैत्रिणीशी मनातलं बोलले. ती तूच ना गं? माझ्याशी बोलायला तिला वेळच नाय भेटला. काय बोलायची ती?”

ती माझ्याजवळ सरकून बसली. मी सांगायला लागले. म्हणाले, ती तुमच्याबद्दलच बोलायची, काकू. नोकरी लागली की आईला पहाटे उठू देणार नाही म्हणायची. आई डोळे मिटून ऐकत होती.

“अजून सांग,” ती म्हणाली.

मी अजून सांगितलं.