दारातली ओळ

स्टुडिओत त्यांना सगळे ‘खालच्या ओळीच्या बाई’ म्हणत. पडद्यावरची माणसं बोलतात तेव्हा परदेशी प्रेक्षकांसाठी खाली त्यांच्या भाषेतल्या ओळी उमटतात. त्या लिहिण्यात बाईंची हयात गेली. ओळ चांगली जमली की कुणाच्या ध्यानातही राहत नाही, असं ते काम. बाईंची एक ओळ मात्र जगभर लोकांच्या ध्यानात राहिली होती आणि तिच्यापायी त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ती त्यांच्या पहिल्याच चित्रपटातली. शेवटी सून पिशवी उचलते, उंबऱ्याशी थबकते आणि आत भाजी चिरत बसलेल्या सासूला म्हणते, “येते.” दार उघडंच राहतं आणि चित्रपट संपतो. माणूस कायमचा निघाला तरी तोंडाने ‘येते’च म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण नव्या नोकरीच्या धांदलीत बाईंनी शब्दाला शब्द धरला आणि खाली लिहिलं, ‘मी परत येईन.’ वर स्वतःवर खूशही झाल्या.

दर दहा वर्षांनी देशोदेशीचे समीक्षक सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी करतात. पहिल्या खेपेला या चित्रपटाचं नावनिशाण नव्हतं. पुढच्या खेपेला तो शेपटाशी आला, त्याच्या पुढच्या खेपेला थेट तिसाच्या आत, आणि एके काळी पहिल्या-दुसऱ्या जागेवर मिरवणारे दोन मातब्बर चित्रपट त्याच्या खाली घसरले. या याद्यांचं नवलच आहे. पेपर तोच, उत्तरंही तीच; तपासणारे बदलले की मागच्या बाकावरचं पोर पुढे येऊन बसतं. नव्या तपासणाऱ्यांनी तर लेखांवर लेख लिहिले. ती ‘परत येईन’ म्हणते, म्हणून ते दार उघडं आहे. ते दार म्हणजेच क्षमा. बाई ते लेख वाचत. त्या दारातून त्यांना फक्त आपली चूक दिसायची.

यंदा चित्रपट पहिल्या दहात जाणार अशी बोलवा होती. मत देणाऱ्या समीक्षकांना पाठवायला नवी, स्वच्छ प्रत तयार झाली आणि जुन्या ओळी एकदा नजरेखालून घालाव्यात म्हणून स्टुडिओच्या कचेरीतून बाईंना फोन आला. काही बदलायचं नसेल तर तसंच कळवा, म्हणाले.

लेक म्हणाली, “आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस.”

बाई गप्प बसल्या. दूध उतू गेलं. चष्मा भांड्यांच्या कपाटात सापडला. शेवटी त्यांनी चप्पल घातली आणि दिग्दर्शकांचं घर गाठलं.

दिग्दर्शकांना सगळे दादाच म्हणत. आता ते खिडकीपाशी गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेले असत. कपाटाच्या दाराला इस्त्रीचा पांढरा सदरा टांगला होता. यादी लागली की फोटो काढायला लोक येतील, तेव्हा घालायचा म्हणून.

बाईंनी सदऱ्याकडे पाठ केली. “दादा, ती परत येते का हो?”

“कोण?”

“शेवटी. सून.”

“ती कशाला येते? वेड लागलंय का तिला?”

मग बाईंनी सगळं सांगितलं.

“अस्सं,” ते म्हणाले. “मी आपला समजत होतो, तिकडची माणसं मुळातच आशावादी.” आणि ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. खोकला थांबला तेव्हा त्यांची नजर सदऱ्यावर होती.

“बदल,” ते म्हणाले.

“नंबर जाईल, दादा.”

“पहिल्या यादीत कुठे होतो आपण? तेव्हाही चित्रपट हाच होता.” मग त्यांनी हळूच विचारलं, “अगदी दहाच्या बाहेर जाईल का गं?”

बाईंनी त्यांच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, “बरं, येते.”

“याचं काय लिहिशील?” दादांनी मागून विचारलं.

घरी आल्यावर बाईंनी ओळीवर ओळी खोडल्या. ‘मी जाते’ लिहिलं तर सून फटकळ वाटत होती. ‘कायमची निघाले’ म्हणजे नाटकी. अखेर त्या परक्या भाषेत माणसं रोज दारातून निघताना जो साधा शब्द टाकतात, तेवढाच त्यांनी ठेवला. ज्याला कळायचं त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेल. नाही कळलं तर नाही.

कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, “एवढंच? आधीची ओळ जास्त छान होती, बाई.”

“छान होती,” बाई म्हणाल्या. “ही पाठवा.”

बाईंनी फोन ठेवला. यादी लागायला अजून अवकाश होता. पण यादीच्या दिवशी दादांकडे जायचं, नंबर कितवाही लागो, हे त्यांनी नक्की केलं. सदरा तेव्हा दादांच्या अंगावर असो की कपाटाला, त्यांच्या दारात आपण ‘येते’ म्हटलं होतं ना.